जुन्या ट्रकची केबिन: डॅशबोर्ड कापण्याआधी

जुन्या पिकअप ट्रकची केबिन मूळ ठेवायची की बदलायची, या वादात पडण्याआधी एवढंच बघा: केलेला बदल उद्या काढून टाकता येईल का? सीटचं कापड, फ्लोअर मॅट, स्टिअरिंग बिनधास्त बदला. फक्त निघालेले भाग चिठ्ठी लावून जपून ठेवा. डॅशबोर्डच्या पत्र्याला मात्र करवत लावू नका. नव्या रेडिओसाठी पाडलेलं भोक बुजवायचं म्हणजे वेल्डिंग, पुट्टी, रंग, आणि एवढं करूनही जाणकाराच्या नजरेला ते खुपतंच. त्यापेक्षा ब्लूटूथवर चालणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली लपवा.

अर्थात आधी वायरिंग तपासा. फोर्डचे ट्रक 1956 मध्ये 12 व्होल्टवर आले. त्याआधीचे 6 व्होल्टचे, शिवाय बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. त्यावर आजचा रेडिओ थेट जोडलात तर चालणं दूरच, जळण्याचीच भीती.

1967 ते 1972 च्या शेवरोले सी-10 मध्ये तर पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, केबिनमध्येच असते. मागच्या बाजूला ड्रिल किंवा वेल्डिंग करायचं असेल तर टाकी आधी बाहेर काढा. हे काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका.

सीट बेल्टच्या बाबतीत मात्र मूळपणाचा हट्ट नको. बेल्ट नसतील तर बसवाच. नुसत्या पातळ पत्र्याला बोल्ट मारून भागत नाही. खालून जाड पोलादी प्लेट लावा आणि तळाचा पत्रा गंजलेला असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या.