हालचालीवरचा कट कसा जुळवावा

प्रसंगातील दोन पात्रांना जोडणारी काल्पनिक रेषा आधी ठरवावी आणि सगळे शॉट तिच्या एकाच बाजूने, म्हणजे १८० अंशांच्या आतून घ्यावेत. एकाच पात्राच्या लागोपाठच्या दोन शॉटमध्ये कॅमेऱ्याचा कोन निदान ३० अंशांनी बदलावा, नाहीतर चित्र जागच्या जागी उडी मारल्यासारखे दिसते. शॉटगणिक रंग आणि उजेड बदलू नये म्हणून व्हाइट बॅलन्स (रंगछटेची जुळणी) आणि एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणाऱ्या उजेडाचे प्रमाण) ऑटोवर ठेवू नये.

खरी कसोटी लागते ती हालचालीवरच्या कटला, म्हणजे पात्राची हालचाल चालू असतानाच एका शॉटवरून दुसऱ्या शॉटवर जाण्याला. ‘पुढचे एडिटिंगमध्ये बघू’ असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे, कारण जे चित्रित झालेच नाही ते संकलकाला जुळवता येत नाही. समजा, लाँग शॉटमध्ये पात्र खुर्चीत बसते आणि क्लोज-अपमध्ये बोलू लागते. अशा वेळी बहुतेक जण नटाला आधीच बसवून क्लोज-अप सुरू करतात आणि तिथेच कटची जागा गमावतात. क्लोज-अपसाठीही नटाला उभे राहण्यापासून सुरुवात करायला लावावी, म्हणजे तो रिकाम्या फ्रेममध्ये वरून खाली येईल. उलट लाँग शॉट त्याचे पहिले वाक्य पुरे होईपर्यंत चालू ठेवावा. शिवाय बसण्याचा वेग दोन्ही वेळा सारखाच हवा. कप कोणत्या हाताने आणि संवादातील नेमक्या कोणत्या शब्दावर उचलला, हे लिहूनच ठेवावे. वस्तूंच्या जागेसाठी फोटो पुरतो, पण हालचालीचा असा नेमका क्षण टिपायला तो कामाचा नाही.

संकलन करताना कट हालचाल सुरू झाल्यावर, पण ती संपण्याआधी द्यावा: गुडघे वाकले आहेत, शरीर खाली येऊ लागले आहे, तिथे. दोन्ही शॉटमध्ये एकच ठळक खूण शोधावी, उदाहरणार्थ तळहात खुर्चीच्या हातावर टेकण्याचा क्षण, आणि तिच्या आधाराने शॉट जुळवावेत. मात्र फ्रेमला फ्रेम, म्हणजे शॉटमधले एकेक स्थिर चित्र, जुळलीच पाहिजे असा हट्ट धरू नये. नव्या चौकटीवर नजर स्थिरावायला क्षणभर लागतो. म्हणून दुसऱ्या शॉटमध्ये तीच हालचाल दोन-तीन फ्रेम आधीपासून घेतली, तर कट बहुधा अधिक सहज वाटतो. एकेक फ्रेम सरकवत निर्णय करू नये. आवाज बंद करून, पूर्ण वेगाने, कटच्या बरेच आधीपासून पाहावे.

तरीही जुळत नसेल, तर मूळ संवाद चालू ठेवून मध्ये ऐकणाऱ्या पात्राचा चेहरा दाखवावा. डिझॉल्व्हने, म्हणजे एक चित्र विरत असताना त्यावर दुसरे उमटवून, चूक झाकू नये, कारण मध्ये काळ गेला असाच अर्थ प्रेक्षक त्यातून काढतो.