पोकरमधून विश्रांती घेताना या चुका टाळा

पोकरचा कंटाळा आला आहे, आता काही महिने पत्त्यांना हात लावणार नाही, असे सांगणारे खेळाडू मला वर्षभर भेटत असतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची विश्रांती ठरावीक चार-पाच चुकांमुळे वाया जाते. विश्रांती घेण्याचा निर्णय सहसा योग्यच असतो. मात्र तो ज्या घाईने घेतला जातो आणि तितक्याच घाईने मोडला जातो, ती घाई सगळे बिघडवते. नव्या खेळाडूंकडून त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकल्यावर त्या एकदा नीट लिहून काढाव्यात असे वाटले.

हरण्याचा वैताग म्हणजे खेळाचा कंटाळा नव्हे

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. सलग काही आठवडे हरल्यावर टेबलावर बसावेसे वाटत नाही, आणि खेळाडू त्याला ‘उत्साह संपला’ असे नाव देऊन मोकळा होतो. प्रत्यक्षात त्याला खेळ नकोसा झालेला नसतो, हार नकोशी झालेली असते. या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की तीन महिन्यांनी माणूस होता तिथेच परत येतो.

डाउनस्विंग, म्हणजे सततच्या हारीचा काळ, किती लांबू शकतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो, आणि तो नसल्यामुळेच ही गल्लत होते. नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात दर शंभर डावांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड (डावाआधी सक्तीने लावावी लागणारी ठरावीक रक्कम) जिंकणारा खेळाडू चांगला मानला जातो. परंतु त्याच शंभर डावांमधले चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, ९० बिग ब्लाइंडच्या आसपास असते. हा हिशेब पुढे मांडला तर असे दिसते की हा चांगला खेळाडूसुद्धा दहा हजार डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता २९ टक्क्यांच्या जवळपास आहे. कॅसिनोच्या टेबलावर तासाला जेमतेम २५ ते ३० डाव होतात. आठवड्यातून दोनदा चार-चार तास खेळणाऱ्याला दहा हजार डाव पुरे करायला जवळजवळ वर्ष लागते. याचा अर्थ, योग्य निर्णय घेणारा माणूस अख्खे वर्ष तोट्यात काढू शकतो आणि त्यात त्याची काहीही चूक नसते. हाती एक्क्यांची जोडी असतानाही ती समोरच्या राजांच्या जोडीकडून साधारण पाचांतून एकदा हरतेच.

हे गणित समजून घेण्याची तसदी न घेता चार व्हिडिओ पाहून, सुरुवातीच्या पत्त्यांचा तक्ता पाठ करून महिनाभरात वरच्या स्टेकवर, म्हणजे जास्त रकमेच्या टेबलावर, जाणाऱ्या मंडळींविषयी मला खरोखर चिंता वाटते. पहिल्या मोठ्या घसरणीत ते कोलमडतात, कारण तक्ता त्यांनी पाठ केलेला असतो, पण हरत असताना योग्य खेळत राहण्याचा सराव त्यांना नसतो. तो सराव कोणत्याही अभ्यासक्रमात विकत मिळत नाही.

खरा कंटाळा ओळखण्यासाठी मी एकच गोष्ट पाहतो. जिंकलेल्या संध्याकाळीसुद्धा काहीच वाटत नसेल, घरी जाताना एकही डाव मनात घोळत नसेल, समोरचा खेळाडू रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या उघड्या पत्त्यावर, का थांबला असेल याचे कुतूहल उरले नसेल, तर खेळाचा ओलावा खरोखर आटला आहे आणि लांब विश्रांतीची गरज आहे. उलट, जिंकल्यावर उत्साह लगेच परतत असेल तर तो डाउनस्विंगचा थकवा आहे. त्याला आठ-दहा दिवसांची उसंत, एक पायरी खालचा स्टेक आणि हरलेल्या डावांची शांतपणे केलेली तपासणी पुरते. तिसराही एक प्रकार आहे, आणि तो गंभीर आहे. खेळ मुळीच आवडत नाही, तरी बसल्याशिवाय राहवत नाही, उधारी होते, घरी खोटे सांगावे लागते, अशी स्थिती असेल तर तो उत्साहाचा प्रश्न नाही. तिथे माझ्यासारख्या खेळाडूच्या सल्ल्यावर विसंबू नये. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी निःसंकोच फिरवावा.

रात्री दोन वाजता, हरलेल्या हाताने घेतलेला संन्यास

मोठा डाव हरल्यावर तिथल्या तिथे ‘आता पोकर कायमचे बंद’ अशी घोषणा करणारा खेळाडू साधारण पुढच्या शनिवारी टेबलावर दिसतो, कारण तो निर्णय त्याने घेतलेला नसतो, त्या डावाने त्याच्याकडून घेववलेला असतो. माझी सवय अशी आहे की हरलेल्या रात्री फक्त उठायचे आणि घरी जायचे. विश्रांतीचा विचार दुसऱ्या दिवशी, जेवणखाण झाल्यावर करायचा. तेव्हाही वहीत तीन गोष्टी लिहिल्याशिवाय विश्रांती सुरू झाली असे मी मानत नाही: कशाचा थकवा आला आहे, पुन्हा विचार कोणत्या तारखेला करायचा, आणि परत यायचे झाल्यास कोणत्या अटींवर. ‘बघू, मन झाले की खेळू’ ही अट नव्हे.

घसरणीच्या मध्यावर थांबून नीट परत आलेल्या खेळाडूचे मला माहीत असलेले सर्वोत्तम उदाहरण फिल गॅलफंड या अमेरिकी खेळाडूचे आहे. जानेवारी २०२० मध्ये त्याने पॉट-लिमिट ओमाहा या पोकर प्रकाराच्या २५,००० डावांचे आव्हान एका ऑनलाइन प्रतिस्पर्ध्याविरुद्ध सुरू केले, आणि काही आठवड्यांतच तो नऊ लाख युरोंहून अधिक तोट्यात गेला. फेब्रुवारीत त्याने खेळ थांबवला. मार्चमध्ये तो पुन्हा बसला, आणि एप्रिलमध्ये सर्व डाव संपले तेव्हा तो १,६७१ युरोंनी पुढे होता. पुष्कळजण ही हकिकत चमत्कार म्हणून सांगतात आणि तिच्यातली कामाची गोष्ट सोडून देतात. त्याची विश्रांती काही आठवड्यांची होती, आणि परतल्यावर काय खेळायचे हे ठरलेले होते. शिवाय एवढा तोटा सोसण्याची तयारी असलेला, वर्षानुवर्षे वरच्या स्टेकवर खेळलेला तो माणूस होता. पगारातून पैसे बाजूला काढून खेळणाऱ्याने त्या हकिकतीतून ‘तोट्यात असताना चिकटून राहा’ असा अर्थ काढू नये.

पोकर सोडून दुसऱ्या टेबलावर बसणे

विश्रांतीच्या काळात तीन पत्ती, रमी किंवा क्रिकेटवरच्या पैजा खेळणे म्हणजे विश्रांती नव्हे, हे सांगावे लागू नये; तरी सांगावे लागते. मात्र अलीकडे याहून सभ्य दिसणारी पळवाट रूढ झाली आहे. पोकर बंद केलेले तरुण मोकळ्या झालेल्या पैशांतून शेअर बाजारातील ऑप्शन्सचे सौदे करू लागतात, आणि संभाव्यतेचे गणित आपल्याला येते, या भरवशावर तिथे टिकू असे त्यांना वाटते. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. थकलेल्या मनाला जोखमीपासूनच विसावा हवा असतो. जोखमीचा नमुना बदलून तो मिळत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला आणि देशातल्या मोठ्या पोकर संकेतस्थळांनी रोख टेबले बंद केली, तेव्हा अनेकांना न मागता विश्रांती मिळाली. तिचा उपयोग करून घेण्याऐवजी काहींनी परदेशी ॲप आणि टेलिग्रामवरच्या एजंटांमार्फत चालणारे क्लब शोधले. तिथे पत्ते कसे वाटले जातात हे तपासायला कोणी नाही, आणि जिंकलेली रक्कम एजंटने दिली नाही तर दाद मागायला जागा नाही. हा मार्ग कोणीही धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी काही चुका एकेका ओळीत सांगून संपवतो. ॲप फोनवर ठेवून विश्रांती होत नाही. पोकरचे व्हॉट्सॲप गट म्यूट करून भागत नाही, ते सोडावे लागतात. रोज रात्री दुसऱ्यांच्या खेळाचे थेट प्रक्षेपण पाहणारा माणूस विश्रांतीवर नसतो. ‘एवढी एक टूर्नामेंट खेळतो, मग थांबतो’ हे वाक्य उच्चारल्यावर कोणी थांबल्याचे मी पाहिलेले नाही.

परत येताना जुन्याच, किंवा त्याहून वरच्या, स्टेकवर बसणे

महाराष्ट्रात परवानाधारक कॅसिनो नाही. १९७६ चा कॅसिनोविषयक कायदा प्रत्यक्षात कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या खेळाडूचे पुनरागमन बहुधा गोव्यात, मांडवीतल्या एखाद्या जहाजावर, दोन दिवसांच्या सहलीत होते. प्रवासाचा आणि हॉटेलचा खर्च झालेला असतो, रविवारी रात्री परत निघायचे असते, आणि महिनोन्महिने न खेळलेला माणूस त्या दोन दिवसांत सगळी भूक भागवायला निघतो.

पुण्यातल्या एका तरुण अभियंत्याचे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचे आहे. त्याने विश्रांती अगदी शहाण्यासारखी घेतली होती. ॲप काढून टाकले, सकाळी पोहायला जाऊ लागला, चेहऱ्यावरचा ताण गेला. परतताना मात्र तो नेहमीच्या दुप्पट स्टेकच्या टेबलावर बसला. मी त्याला खाली बसायला सुचवले, तेव्हा तो म्हणाला, “दादा, एवढे दिवस पैसे साठलेत आणि वेळ दोनच दिवस आहे. छोट्या टेबलावर बसून काय मिळणार?”

पहिल्या तासातच त्याच्या हाती एक्का आणि राजा आला. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, राजा, नव्वी आणि चव्वी पडली, त्यांतली दोन पाने बदामाची होती. समोर एक वयस्क गृहस्थ होते. संध्याकाळपासून त्यांनी बहुतेक डाव सोडलेलेच होते. फ्लॉपवर आणि टर्नवर (चौथ्या पत्त्यावर) ते नुसते कॉल करत, म्हणजे समोरच्याइतकीच रक्कम लावत, राहिले. रिव्हरला दुसरी नव्वी आली, तशी या मुलाने पुन्हा बेट लावली आणि त्या गृहस्थांनी शांतपणे सगळे चिप्स पुढे सरकवले. विश्रांतीपूर्वी याच मुलाने अशा जागी पत्ते सोडून दिलेले मी पाहिले होते. त्या रात्री त्याने थोडा विचार केला आणि कॉल केला. समोरच्या हाती चव्वीची जोडी होती, म्हणजे तीन चव्व्या आणि दोन नव्व्यांचे फुल हाउस, त्याच्या दोन जोड्यांहून वरचे. नंतर तो मला म्हणाला, “इतक्या दिवसांनी राजा लागला होता, सोडवेना.”

त्यानंतर त्याने दुसरा बाय-इन (टेबलावर बसण्यासाठीची रक्कम) घेतला, मग तिसरा, आणि पहाटे जहाजावरून उतरताना त्याची अवस्था विश्रांती घेण्यापूर्वी होती तशीच झालेली होती. विश्रांतीने त्याचा थकवा गेला होता, परंतु टेबलावरचा अंदाजही बोथट झाला होता, आणि हे दुसरे नुकसान त्याने हिशेबात धरले नव्हते. पत्त्यांचे गणित विसरले जात नाही. विसरतो तो समोरच्या माणसाच्या शांततेचा अर्थ. दुखापतीतून परतणारा फलंदाज आधी नेट्समध्ये, मग स्थानिक सामन्यात खेळतो. पोकरमध्येही तेवढा धीर धरायला हवा.

माझी स्वतःची रीत सोपी आहे. परतल्यावर पहिल्या काही बैठकी नेहमीपेक्षा खालच्या स्टेकवर खेळायच्या, बाय-इन एकच न्यायचा, आणि दोन तास झाले की जिंकत असो वा हरत असो, उठायचे. उठल्यावर गोंधळात पाडणारे डाव त्याच रात्री वहीत लिहायचे. ते लिहिताना मन रमले, तर वर जाण्याचा विचार करायचा. लिहायचाच कंटाळा येत असेल तर विश्रांती अजून संपलेली नाही, आणि तारीख पुढे ढकलण्यात काहीही कमीपणा नाही.

परत न येण्यातही नाही. अमेरिकी खेळाडू व्हनेसा सेल्ब्स्ट हिने पोकरच्या जागतिक मालिकेतली (वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर) तीन ब्रेसलेट, म्हणजे विजेत्याला मिळणारी कडी, जिंकलेली असताना २०१७ च्या अखेरीस व्यावसायिक पोकर सोडले आणि ती एका हेज फंडात नोकरीला लागली. ज्यांचा निर्णय तसा होईल त्यांनी बँकरोल, म्हणजे खेळासाठी वेगळी ठेवलेली रक्कम, खेळाच्या खात्यातून काढून घरच्या बचतीत टाकावी, म्हणजे ती टेबलाची वाट पाहत पडून राहणार नाही. नोंदवही मात्र फेकू नये. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने प्राप्तिकर लागतो, खेळातला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, आणि खेळ थांबवलेल्या वर्षीही मागच्या वर्षाचे विवरणपत्र भरायचे राहिलेले असू शकते.