सफारीला निघताय? आधी वार बघा

आधी वार बघा. गाडी, माणसं, डबे, तिकिटं सगळं नंतर. गुजरातेतल्या केवडियाची जंगल सफारी सोमवारी बंद असते. तिथला सरदार पटेलांचा पुतळाही सोमवारी बंद. शनिवार-रविवारी गर्दी असते, सोमवारी आपलं दुकानही बंदच असतं, मग सोमवारीच जाऊ, हा हिशोब आमच्या घरात कुणी केला ते आता काढत नाही. नंदुरबारहून पहाटे निघालेली क्रूझरभर माणसं बंद फाटक बघून परत आली, एवढं पुरे.

आणि हे फक्त केवडियाचं खूळ नाही. प्राणिसंग्रहालयानं आठवड्यातून एक दिवस तरी लोकांना आत घेऊ नये, असा केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचा नियमच आहे. साफसफाई, डागडुजी, जनावरांची तपासणी त्या दिवशी होते. बऱ्याच ठिकाणी वाघ-सिंहांना आठवड्याचा उपासही त्याच दिवशी घडवतात, कारण जंगलात तरी त्यांना रोज कुठे शिकार मिळते? तेव्हा "लांबून आलोय हो, खान्देशातून" म्हणून फाटकावरच्या माणसाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. नागपूरचं गोरेवाडाही सोमवारी बंद, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानही. कात्रजला बुधवार, ताडोब्याला मंगळवार. पण ही यादी पाठ करून निघू नका. सुट्ट्यांच्या हंगामात वार मागेपुढे होऊ शकतो. निघायच्या आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ज्याला "मला माहीत आहे" असं वाटतं त्यानं तर नक्कीच बघा.

वार ठरला की मग कुठली सफारी ते ठरवा, कारण केवडिया, गोरेवाडा आणि मेळघाट या तिन्हींत सारखं काहीच नाही. केवडियाला चालायचं असतं. ३७५ एकरांत सात टप्पे आहेत, समुद्रसपाटीपासून २९ मीटरवर सुरू होऊन १८० मीटरपर्यंत चढणारे. वयस्कांसाठी बॅटरीची गाडी मिळते, पण तिच्या भरवशावर गुडघे दुखणाऱ्या आजीला नेऊ नका. पिंजऱ्यापुढे उभं राहून बघायचं, पुढे सरकायचं, असाच सगळा प्रकार आहे. लहान पोरांना मात्र हेच सगळ्यात आवडेल. जिराफ, झेब्रा, अल्पाका, पक्ष्यांचे मोठे घुमट, आणि सशांना हात लावता येतो तो भाग. त्या सशांपाशी पोरं इतकी रमतात की वाघाला कुणी विचारत नाही. वेळ मोजताना हे धरा.

गोरेवाड्याला बसमध्ये बसायचं, उतरायचं नाही. २०२१ च्या प्रजासत्ताकदिनी सुरू झालेली ही सफारी. वाघ, बिबट्या, अस्वल, हरणं यांचे वेगवेगळे कुंपण घातलेले भाग आहेत आणि बस एकातून दुसऱ्यात जाते. आजी-आजोबा बरोबर असतील तर माझं मत गोरेवाड्याला. भुसावळहून नागपूरला रेल्वे आहे, बसायला जागा आहे, वाघ दिसण्याची शक्यता चांगली आहे. कंटाळा एकच, जनावर डाव्या बाजूला असलं की उजवीकडची माणसं नुसत्या माना उंचावतात. खिडकी पोरांना द्या, मोठ्यांनी भांडू नये.

मेळघाट ही तिसरी गोष्ट. आपल्या यावल अभयारण्यापासून पूर्वेकडे तोच सातपुडा. जिप्सी, वनखात्याचा गाईड, खरं जंगल, आणि वाघ दिसेलच असं कुणी म्हणत असेल तर तो काहीतरी विकतोय. गवे दिसतात, अस्वल नशिबात असलं तर. सहा वर्षांच्या पोराला तासन्‌तास गप्प बसवायची ताकद असेल तरच जा. पावसाळ्यात गाभा भाग बंद असतो. ओळखपत्र मूळ लागतं, परवान्यावर ज्याचं नाव त्याचंच, मोबाइलमधला फोटो दाखवून भागेल असं गृहीत धरू नका.

आता समजा केवडियाच ठरलं. (वार बघितला ना? सोमवार नाही ना? बरं.) सकाळी लवकर आत शिरा. उन्हाळ्यात तर दहा-अकरानंतर वाघ-सिंह सावलीला आडवे होतात आणि मग शेपटीचं टोक बघून समाधान मानावं लागतं. जळगाव-भुसावळच्या माणसाला ऊन नवं नाही, पण घरात कूलरपुढे सोसलेलं ऊन वेगळं आणि चढावर पोर कडेवर घेऊन सोसलेलं वेगळं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर डोंगर हिरवे असतात आणि धरणही भरलेलं. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. ते पाणी बघून पोरं टाळ्या पिटतील, पिटू द्या. पण याच पाण्याखाली आपल्या अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली गेलं, हेही त्यांना तिथेच उभं राहून सांगा. घरी सांगितलं तर ऐकत नाहीत.

सफारीचं आणि पुतळ्याचं तिकीट वेगळं. पुतळ्याच्या गॅलरीचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, म्हणून सफारी आधी की गॅलरी आधी हे घरीच ठरवा, वाटेत गाडीत नाही.

रस्ता: तळोदा, अक्कलकुवा, सागबारा, देडियापाडा, मोवी, राजपीपळा. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याची ख्याती शिरपूर-चोपड्याच्या माणसाला सांगायला नको. मोबाइल जो वेळ दाखवेल त्यात खड्ड्यांचा वेळ वेगळा मिळवा. मुक्काम ठेवलात तर उत्तम. पण मुक्काम रविवारचा ठेवून सफारी "उद्या सकाळी निवांत" असं करू नका. रविवारनंतर कोणता वार येतो?

डबा गाडीतच राहणार हे धरून चाला. दशम्या आणि ठेचा पार्किंगमध्ये बसून खा, आत शिरण्याआधी. पाणी भरपूर. बूट घाला, चपला नकोत. टोपी.

तिथल्या गाईड पोरापोरींशी बोला. आसपासच्या गावांतली आदिवासी मुलं असतात. तुमच्यात अक्कलकुवा-धडगावकडचं कुणी असेल तर त्याला पुढे करा. ओळखीची बोली कानावर पडली की माणूस पाठ केलेलं सोडून स्वतःचं सांगायला लागतो. गुलाबी रिक्षा बायका चालवतात, भाडं आधी विचारा.

बाकी नेहमीचंच. उलटीच्या गोळ्या, चार्जर, सुटे पैसे, एक जादा शर्ट. परतताना राजपीपळ्यातच डिझेल भरा आणि उजेडात घाट उतरा.