जुन्या मसल कारचं स्टिअरिंग लूज वाटतंय? बॉक्सच्या स्क्रूला हात लावायच्या आधी हे बघा

६७ ची कॅमरो असो, ६९ ची शेव्हेल असो नाहीतर सुरुवातीची मस्टँग, हायवेला गाडी सरळ जात नाही, सारखी भरकटते, स्टिअरिंग सतत हलवत राहावं लागतं अशी तक्रार आली की बरेच जण आधी स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सवरचा (यालाच बॉक्स म्हणतात) ॲडजस्टिंग स्क्रू आवळतात. प्लीज नका करू. प्ले (जोडांमधली मोकळी हालचाल) कमी झाल्यासारखा वाटतो पण सेंटरला स्टिअरिंग जड होतं, वळणानंतर आपोआप परत येत नाही, आतले गिअर झिजतात ते वेगळंच, आणि झीज बऱ्याचदा खाली लिंकेजमध्ये, म्हणजे बॉक्सपासून चाकांपर्यंतच्या दांड्या आणि जोडांमध्ये असते.

रचना सोपी आहे. बॉक्सचा पिटमन आर्म आडव्या सेंटर लिंकला ढकलतो, दुसऱ्या बाजूला आयडलर आर्म ती लिंक तोलून धरतो आणि तिथून दोन्ही चाकांना टाय रॉड जातात, प्रत्येकाला आत एक आणि बाहेर एक असे दोन एंड. एकेका जॉइंटचा प्ले किरकोळ असतो पण बेरीज होऊन हाताला जाणवतो.

आता मेन टेस्ट. गाडी जॅकवर घेऊ नका, टायरवर वजन पाहिजे, रॅम्प असेल तर उत्तम. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, एकाला आत बसवून घड्याळातल्या ११ ते १ एवढंच स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवी हलवायला सांगा (पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून, पण मग फॅन-बेल्टपासून हात लांब) आणि तुम्ही वरून खाली एकेक जोड बघत या. कॉलमचा शाफ्ट फिरतोय पण बॉक्सचा शाफ्ट उशिरा फिरतोय, तर मधली रबरी कपलिंग गेली. बॉक्सचा शाफ्ट फिरतोय पण पिटमन आर्म थांबलाय, तर बॉक्स. आर्म हलतोय पण सेंटर लिंक मागाहून हलते, तर तो जॉइंट. असंच चाकापर्यंत. डोळ्यापेक्षा हातावर जास्त भरवसा ठेवा, तळवा जॉइंटवर असा ठेवा की अर्धा एका पार्टवर आणि अर्धा दुसऱ्यावर येईल, बारीक खटका लगेच कळतो.

टाय रॉड हाताने स्वतःभोवती थोडा फिरला म्हणजे खराब असं नाही, तो तसा फिरायलाच बनवलाय, प्ले आडवा किंवा वर-खाली असेल तर खराब.

आयडलर आर्मकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि माझ्या मते तोच आधी बघावा. सेंटर लिंकच्या बाजूचं टोक धरून साधारण ११ किलोच्या जोराने वर ढकला, खाली ओढा. शेव्हरलेच्या गाड्यांना एका दिशेला १/८ इंच म्हणजे ३ मिमीच्या वर हलला तर बदला. तो वर-खाली झाला की खड्ड्यात चाकांचा टो (वरून बघितल्यावर चाकांचा आत-बाहेर कल) बदलतो आणि गाडी एकदम बाजूला झेपावते.

मग पुढची चाकं उचला, पण गाडी स्टँडवरच पाहिजे, नुसत्या जॅकवर नको. चाक ३ आणि ९ ला धरून हलवा, प्ले आला तर टाय रॉड. १२ आणि ६ ला पण आला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला लावा, प्ले गायब झाला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा).

पार्ट काढताना फोर्क (जॉइंट वेगळा करायचा दोन दातांचा काटा) ठोकला की रबरी बूट फाटतो, चांगला जॉइंट वाचवायचा असेल तर पुलर वापरा. बसवताना कॉटर पिनचं (नट सुटू नये म्हणून घालतात ती) भोक जुळत नसेल तर नट सैल करायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, पिन नवीनच. मस्टँगच्या आयडलरला रबर बुश असतात, ते चाकं सरळ ठेवूनच टाईट करा नाहीतर स्टिअरिंग एका बाजूला ओढत राहील. आणि टाय रॉड बदलला की टो सेट करून घ्यावाच लागतो, नाहीतर टायर कडेने खाल्ले जातात.

एवढं सगळं टाईट झाल्यावरही बॉक्सचा शाफ्ट आणि पिटमन आर्ममध्ये प्ले उरला तर मग त्या स्क्रूकडे वळा, तेही लिंकेज सोडवून, स्टिअरिंग बरोबर सेंटरला ठेवून आणि मॅन्युअलमधलं माप बघून.