मेंदू कसा पाहतो, हे स्वतः कसं तपासावं?

ठाणे स्टेशनात लोकल उभी असते. शेजारच्या रुळावरची गाडी सुटते आणि क्षणभर वाटतं, आपलीच सुटली. मग फलाटाचा खांब दिसतो, तो जागचा हललेला नसतो, आणि उलगडा होतो. खिडकीभर काहीतरी सरकतंय एवढंच डोळ्यांनी कळवलं होतं. कोण सरकतंय हा निष्कर्ष मेंदूने काढला आणि खांब दिसताच बदललाही. आपलं पाहणं अशाच निष्कर्षांवर चालतं. कागद, पेन, आरसा आणि लोकलचा एक प्रवास एवढ्या सामानात ते रंगेहाथ पकडता येतात. घरातल्या मुलांना सोबत घ्या, त्यांना हे फार आवडतं.

1. अंधबिंदू शोधा

कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा. तिच्या उजवीकडे 10 सेंमीवर शर्टाच्या बटणाएवढा काळा ठिपका भरा. डावा डोळा हाताने झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहा आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. साधारण 35 ते 40 सेंमीवर ठिपका नाहीसा होईल, आणखी जवळ आणलात की परत येईल. पहिल्या खेपेला नजर हटकून ठिपक्याकडे जाते, म्हणून घाई करू नका.

डोळ्यातल्या दृष्टिपटलावर, म्हणजे आतल्या मागच्या पडद्यावर, जिथून नस मेंदूकडे निघते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. फ्रेंच शास्त्रज्ञ एद्म मारिओत यांनी 1660 च्या दशकात हे दाखवून दिलं. ही जागा लहान नाही. कागद त्याच अंतरावर धरून ठिपक्यावर रुपयाचं नाणं ठेवलंत, तर तेही अख्खं गडप होतं.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. ठिपक्यातून आरपार जाणारी आडवी रेघ ओढा आणि प्रयोग पुन्हा करा. ठिपका जातो, पण रेघ अखंड दिसते! गुलाबी कागद घेतलात तर ठिपक्याच्या जागी गुलाबी रंग दिसेल. तिथून मेंदूला काहीच कळत नसतं. आजूबाजूला जे आहे तेच तिथेही असणार, असं तो धरून चालतो.

इथे जरा थांबायला हवं. काचबिंदूच्या नेहमीच्या प्रकारात नजर अशीच कडेकडेने, न दुखता कमी होत जाते. गेलेल्या जागी काळा डाग दिसत नाही, कारण मेंदू ती भरत राहतो आणि दुसरा डोळाही सांभाळून घेतो. रुग्णाला कळेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर त्याआधीच, नेत्रतज्ज्ञांकडून डोळे तपासून घ्या. घरच्या कागद-पेनाने ते काम होत नाही.

2. स्पष्ट नजर केवढी, ते मोजा

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. एका वेळी बारीकसारीक सगळं दिसतं ते जवळपास एवढ्याच जागेत. ठाण्यातल्या जांभळी नाक्याला रस्त्याच्या कडेला उभे राहा, दुकानाच्या पाटीवरच्या एकाच अक्षरावर नजर खिळवा आणि डोळे न हलवता शेजारची पाटी वाचून पाहा. पाटी आहे हे कळतं, वाचता येत नाही. घरी सोबत्याला तुमच्या कानामागून रंगीत पेन्सिल हळूहळू पुढे आणायला सांगा. हलतंय हे आधी कळेल, रंग बऱ्याच उशिरा.

अंधुक उजेडात काम करणाऱ्या सुमारे 12 कोटी पेशी आणि रंग ओळखणाऱ्या सुमारे 60 लाख पेशी प्रत्येक डोळ्यात असतात. रंगाच्या पेशींची खरी दाटी अगदी मध्यभागी. मेंदूकडे जाणारे तंतू मात्र 10 लाखांच्या आसपासच, त्यामुळे निवडानिवड डोळ्यातच सुरू होते.

3. आरशात स्वतःचे डोळे पाहा

आरशासमोर आधी डाव्या, मग उजव्या डोळ्याकडे पाहा. डोळे हलताना दिसणार नाहीत. शेजारच्या माणसाला ते स्वच्छ दिसतात. आपली नजर सेकंदाला साधारण तीनदा उडी मारते आणि त्या उडीपुरतं धूसर चित्र मेंदू दाबून टाकतो. हेच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात केलंत तर हालचाल दिसते, कारण पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटतं.

4. डोक्याच्या मागे हात लावा

मानेच्या वर जो उंचवटा लागतो, त्याच्या आतल्या भागात डोळ्यांचा निरोप पोचतो. वाटेत अर्धे तंतू बाजू बदलतात, म्हणून दोन्ही डोळ्यांना डावीकडे दिसणारं सगळं उजव्या मेंदूत जातं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे मेंदूशास्त्रज्ञ 1950 च्या दशकाच्या अखेरीस मांजराच्या मेंदूतली एकेक पेशी तपासत होते. ठिपके दाखवून पेशी दाद देईना. काचेची पट्टी सरकवताना तिच्या कडेची तिरकी सावली पडली आणि पेशी धडाधड संदेश देऊ लागली. ठरावीक दिशेने कललेल्या रेघेलाच जागी होणारी ती पेशी होती. 1981 चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. रेघांपासून पुढे आकार, चेहरे, हालचाल हे सगळं वेगवेगळ्या भागांत जुळत जातं.

5. खडक वर चढवा

पावसाळ्यात खारघरचा पांडवकडा लांबूनच पाहा. जवळ जायला बहुतेकदा बंदी असते आणि ती पाळायलाच हवी. धबधब्याच्या एकाच जागेवर मिनिटभर नजर ठेवा, मग बाजूच्या खडकाकडे पाहा. खडक वर सरकताना दिसेल. धबधब्याचा व्हिडिओही चालतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये खिडकीच्या गजावर नजर ठेवून बसलात, तर ऐरोलीला गाडी थांबल्यावर फलाट उलटा सरकतो. धबधबा पाहताना खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या पेशी सतत काम करून मंदावतात, वरच्या दिशेच्या पेशींचं पारडं जड होतं.

आता डावा डोळा झाकून फक्त उजव्याने पाणी पाहा. मग उजवा झाकून डाव्याने खडक पाहा. थोडा कमी, पण तो सरकतोच. डाव्या डोळ्याने पाणी पाहिलेलंच नव्हतं, म्हणजे मंदावल्या त्या दोन्ही डोळ्यांचे निरोप जिथे एकत्र येतात तिथल्या, मेंदूतल्या पेशी.