कथा फुकट वाटायच्या? पीडीएफऐवजी ईपब करा

मोबाइलवर ए४ मापाची पीडीएफ वाचताना दर ओळीला पान सरकवावं लागतं. ईपब म्हणजे ई-पुस्तकाची फाइल; तिच्यात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप जुळतात.

१. मजकूर गूगल डॉक्समध्ये घ्या, पण युनिकोडमध्येच (मोबाइलवर मराठी टाइप होतं ती पद्धत). कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला असेल तर आधी बदलून घ्या, नाहीतर वाचकाला नुसती गिचमिड दिसते.
२. प्रत्येक कथेच्या नावाला 'हेडिंग १' द्या. नुसतं ठळक केलेलं नाव अनुक्रमणिकेत येत नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं.
३. कॉम्प्युटरवर फाइल, डाउनलोड, ईपब. वाटण्याआधी मोबाइलवर उघडून जोडाक्षरं तपासा.

शेवटच्या पानावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना (इतरांना कथा कशी वापरता येतील हे सांगणारा) लिहिणार असाल तर नीट विचार करून निवडा. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही.