फॉरेक्स ट्रेडिंग शिकताय? पहिली चूक पहिल्या सौद्याआधीच होते

फॉरेक्सबद्दल, म्हणजे परकीय चलनांच्या खरेदी-विक्रीबद्दल, विचारणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "कुठला इंडिकेटर (भावाचा अंदाज देणारं चार्टवरचं साधन) लावू?" हा प्रश्न फार नंतरचा आहे. नवखा माणूस अडकतो तो चार्ट उघडायच्या आधी, खातं काढतानाच. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

लिंक आली, खातं उघडलं

टेलिग्रामवर लिंक येते. दहा मिनिटांत खातं तयार, यूपीआयने पैसे भरता येतात, युरो-डॉलरपासून सोन्यापर्यंत सगळं एकाच ॲपवर. इतकं सहज होतंय म्हणजे चालत असणार, असं वाटतं. पण चालत नाही. फेमा, १९९९ या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली भारतात राहणाऱ्या माणसाला परकीय चलनाचे सौदे अधिकृत बँकेमार्फत किंवा मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरच करता येतात, तेही परवानगी असलेल्या कारणांसाठी. ॲपवाला परदेशी परवान्याचा फोटो पाठवतो. तो परवाना खरा निघाला तरी इथे त्याचा उपयोग शून्य.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा मंचांची सावधानतेची यादी काढली. तेव्हा तिच्यात ३४ नावं होती, पुढे ती वाढत गेली. ही यादी जरूर बघा, पण उलटा अर्थ काढू नका. यादीत नाव नाही म्हणजे मंच अधिकृत, असं मुळीच नाही.

"एलआरएसमध्ये (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात ना?" असं बरेच जण विचारतात. येतात, पण शिक्षण, प्रवास, परदेशी शेअर अशा कारणांसाठी. परदेशी ब्रोकरकडे मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची अनामत, भरायला ती सवलत नाही. फेमाचा भंग सिद्ध झाला तर गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय यूपीआयचे पैसे नेमके कुणाच्या खात्यात जातात, तेही पाहा. बऱ्याचदा ते कुणा अनोळखी माणसाचं भाड्याने घेतलेलं खातं असतं. सायबर पोलिसांनी ती साखळी गोठवली की तुमचा पगार जमा होणारं खातंही तिच्यात अडकू शकतं.

जुने व्हिडिओ बघून एनएसईवर उतरणं

ही चूक प्रामाणिक माणसं करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एनएसईवर ऑगस्ट २००८ पासून डॉलर-रुपया फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव आज ठरवणारे करार, चालतात. एक लॉट (सौद्याचं ठरलेलं एकक) १,००० डॉलरचा. भाव कमीत कमी पाव पैशाने हलतो, म्हणजे एका लॉटमागे अडीच रुपये. नवशिक्यासाठी हिशोब सोपा, म्हणून "भारतात कायदेशीर फॉरेक्स" या नावाने शेकडो व्हिडिओ निघाले.

३ मे २०२४ पासून चित्र बदललं. रुपयाशी जोडलेल्या चलनाच्या सौद्यामागे आता तुमचं परकीय चलनातलं खरं देणं किंवा येणं असावं लागतं. १० कोटी डॉलरपर्यंत कागदपत्रं आधी दाखवावी लागत नाहीत, पण व्यवहार खरा असायलाच हवा. ब्रोकर तुमच्याकडून तसं लेखी घेतो. ते न वाचता टिक करणं म्हणजे खोट्या निवेदनावर सही करणं.

नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला नेदरलँड्सच्या खरेदीदाराकडून दोन महिन्यांनी युरो यायचे असतील, तर भाव पडण्याच्या भीतीने तो युरो-रुपया फ्युचर्स विकू शकतो किंवा बँकेकडून फॉरवर्ड (तसाच, पण थेट बँकेशी केलेला करार) घेऊ शकतो. हा बाजार त्याच्यासाठी आहे. नुसता अंदाज लावून चार पैसे मिळवायचे असतील, तर हा बाजार तुमच्यासाठी नाही. मला हे सांगणं भाग आहे, कारण शिकवणीवाले सांगत नाहीत.

लिव्हरेजला स्वतःचं भांडवल समजणं

लंडनला किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्या आपल्या लोकांना तिथल्या परवानाधारक ब्रोकरकडे हा व्यापार करता येतो. पण तिथेही सरकारांनी लिव्हरेजला, म्हणजे खात्यातल्या पैशांच्या कितीतरी पट सौदा करण्याच्या सोयीला, लगाम घातलाय. युरोपात २०१८ पासून मुख्य चलनजोड्यांना सर्वसामान्य ग्राहकासाठी ३० पट ही मर्यादा आहे, अमेरिकेत ५० पट. ती का, ते आकड्यांत बघा.

खात्यात २०० डॉलर. अनधिकृत ॲप ५०० पट देतं, म्हणून तुम्ही ५०,००० युरो घेतले, भाव १.१०००. एक पिप, म्हणजे ०.०००१, हलला की ५ डॉलर. भाव १.०९६० ला आला की २०० डॉलर साफ. ही ४० पिपची हालचाल युरो-डॉलरला एखाद्या साध्या दुपारीही होते. बहुतेक मंच तर त्याच्या आधीच मार्जिन संपलं म्हणून सौदा कापतात. तेच १,००० युरो घेतले असते तर नुकसान ४ डॉलर. दिशा चुकली तीच, फरक फक्त आकाराचा. आधी किती गमवायची तयारी आहे ते ठरवा, मग लॉट ठरवा. नवखे नेमकं उलट करतात.

डेमो खात्यातही हीच गल्लत होते. एक लाख खोट्या डॉलरवर सराव केलेला माणूस खऱ्या २०० डॉलरवर टिकत नाही. डेमोत रक्कम आपल्या ऐपतीइतकीच ठेवा.

स्टॉपलॉस म्हणजे हमी नव्हे

स्टॉपलॉस, म्हणजे ठरावीक भावाला सौदा आपोआप बंद करायची सूचना, लावाच. पण १५ जानेवारी २०१५ लक्षात ठेवा. स्विस नॅशनल बँकेने युरोला दिलेला १.२० फ्रँकचा आधार अचानक काढला आणि काही मिनिटांत फ्रँक उसळला. मधल्या भावांना समोर घेणारंच कुणी नव्हतं, त्यामुळे स्टॉपलॉस लावलेल्यांचे सौदेही कितीतरी खाली सुटले. काही ब्रोकर त्यात बुडाले.

पैसे अडकलेच असतील तर

ॲपवर नफा दिसतोय, पण काढायला गेलात की "आधी ३० टक्के टॅक्स भरा" असा निरोप येतो. एक रुपयाही भरू नका. आयकर सरकारकडे भरतात, ॲपकडे नाही. चॅट, यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक आणि खात्याचे स्क्रीनशॉट लगेच जपून ठेवा, कारण ग्रुप रातोरात गायब होतो. मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, बँकेला लेखी कळवा. यात जितके तास जातील तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात, म्हणून लाजेपोटी थांबू नका. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही कळवता येतं. आणि काही दिवसांनी "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा" असा फोन आला, तर तो नंबरही त्याच तक्रारीत जोडा.